तारेच्या आत

जानोरीच्या रानात आमचा एक तुकडा होता,
घरात त्याला खडकी म्हणत.
बाजरी तिथं गुडघ्याला यायची नि थांबायची.
शेळ्यांना मात्र तीच लागायची, खडकीच.
मग मोजणीची साखळी आली, चुन्याची रेघ आली,
तार आली. तारेच्या आत खडकी गेली,
शेळ्या बाहेर राहिल्या.
बाप तेव्हा बारा वर्षांचा. तो सांगतो,
तार आहे हे शेळ्यांना कळायला दोन उन्हाळे लागले,
आज्याला त्याहून जास्त.

पैसे आले तसे गेले. नोकरी तेवढी टिकली.
पुंजा घुमरे, पक्षी हाकणारा.
कागदावरचा इंग्रजी हुद्दा त्याला
शेवटपर्यंत एका दमात म्हणता आला नाही,
पण काम ओळखीचं.
माळ्यावर बसून ज्या गोफणीनं बाजरीतली पाखरं उठवली
तीच घेऊन तो धावपट्टीच्या कडेला उभा.
"राखणच की," म्हणायचा, "कणीस तेवढं मोठं."

मिग उडायचं तेव्हा आधी फडताळातली
पितळी झाकणं बोलायची, मग आभाळ.
शाळेत मास्तर अर्ध्या वाक्यावर
खडू धरून उभे राहायचे,
आवाज बाणगंगेपलीकडं गेला की
नेमकं तिथूनच पुढं.
आज काय उडालं, कुठं गेलं, असं विचारलं
तर बाप सांगायचा टिटव्या किती होत्या.
टिटवी उघड्यावर अंडी घालते, खड्यांत खडे.
काढून टाका, असा हुकूम.
बाप रोज वीतभर घरटं सरकवायचा.
ती ओरडायची, मागं यायची, पुन्हा बसायची.
पंधरा दिवसांत ती गवतात गेलेली असायची
आणि तिला वाटायचं, आपण जागच्या जागीच आहोत.
हे त्यानं सांगितलं रिटायर झाल्यावर. तेही
कुणी विचारलं नव्हतं.

पुढं आवाज विरळ झाले.
एका अंगाला काचेची इमारत आली,
चाकांच्या बॅगा ओढत माणसं आली,
विमान सुरू झालं, बंद पडलं, परत सुरू झालं.
मी मालाच्या शेडमध्ये लागलो, कंत्राटावर.
द्राक्षं चढवली, औषधांचे खोके, एकदा एक शवपेटी.
आणि एका रात्री शेळ्या.

शारजाला. ट्रकच्या ट्रक. कानात पिवळे बिल्ले,
प्रत्येकीच्या नावे कागद, डॉक्टरची सही.
जिथून खापरपणज्यांना शिट्टी मारून हाकललं
तिथं यांना पास होता.
फळीपाशी पहिली अडली, मग सगळ्या.
साहेब घड्याळ बघायला लागला.
मी बापाला फोन केला.

त्याचा स्वतःचा पास संपून सहा वर्षं झालेली.
सायकलवरून आला, तारेबाहेर थांबला
आणि अंधारात त्यानं साद घातली.
ती मी कधी ऐकली नव्हती. माझ्या जन्माआधीच
आमच्या दारात शेळी उरली नव्हती.
शेळ्या वळल्या. सगळ्या.
विमानाकडं पाठ, तारेकडं तोंड.
साहेब माझ्यावर खेकसला.
बाप गप्प झाला. बराच वेळ.
मग सायकल ढकलत निघाला तारेच्या कडेकडेनं,
पार पलीकडच्या अंगाला,
विमान मधे येईल असा उभा राहिला
आणि पुन्हा साद घातली.
पाऊण तास फळी वाजत होती.

पहाटे घरी आलो तर ओट्यावर जागाच.
"चढल्या?"
"चढल्या."
"खडकी कुठं येते रे आता, कितव्या दिव्यापाशी?"
मला काय ठाऊक.
"चौदाव्या," तोच म्हणाला,
आणि गोफणीचा कुजका दोर
पिळून बघत बसला.